ओट्यावरचा लोखंडी पाइप

तळेगावात घराबाहेर ओट्यावर दिवे लावणारा पहिला माणूस रूपराव. ओट्याच्या कडेनं ओळीनं बल्ब. पण उंदीर-घुशींनी वायर कुरतडली. त्यानं वायरीला रॉकेल चोपडलं, हिंगाचं पाणी लावलं. घुशींनी हिंगासकट खाल्ली. मग एकोणऐंशी साली पोळ्याच्या तोंडावर त्यानं आर्वीहून लोखंडी पाइप आणला, वायर त्यातून ओढली आणि पाइप ओट्याला ठोकला. आता खा म्हणावं लोखंड, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

लोखंड कोणी खाल्लं नाही. पण पाइपाचं तोंड उघडंच होतं. ते सिमेंटनं बुजवायचं, पाइपाला तार बांधून ती जमिनीत गाडायची, हे रूपरावाला माहीत होतं. पण पोळ्याला गावासमोर दिवे पेटायला पाहिजे होते. बाकीचं मागून करू, म्हणाला. आपल्या लोकांचं हे 'मागून' कधी येत नाही.

पोळ्याआधी एकदा आंघोळ करून तो ओल्या पायानं ओट्याशी आला, पाइपाला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. उंदरानं आत शिरून वायरीचं रबर खाल्लं, हे त्याला तेव्हाच समजलं. काय केलं त्यानं? पायात रबरी चपला घातल्या. घरात कोणाला बोलला नाही. बोलला असता तर लोखंडाची सगळी फुशारकी पाण्यात गेली असती.

जयवंता त्याची धाकटी बहीण. नवरा मेला, दिरानं मारून हाकललं, म्हणून सिंदी मेघेहून माहेरी आलेली. पोळ्याच्या दिवशी रूपरावाची बायको सुमित्राबाई बाहेरची होती, शिवाशिव चालत नव्हती. पोळा फुटल्यावर दारी येणाऱ्या बैलाचे पाय धुवायला दुसरी बाई घरात नाही. विधवा बाईनं कसे धुवायचे, अशी शेजारणींची कुजबुज झाली. रूपराव म्हणाला, धू तू, मी सांगतो.

पोळा फुटला. दिवेलागणीला शेजारचा लहानू आपला पवळ्या घेऊन दारात आला. पाठीवर झूल, शिंगांना पितळी शेंब्या. जयवंतानं तांब्यातांब्यानं त्याचे पाय धुतले, खाली चिखल झाला. ती बैलाला द्यायच्या पुरणपोळ्या ठेवलेलं सूप आणायला आत वळली. वास आला म्हणून पवळ्यानं ओट्याकडं मान लांबवली आणि शेंबी पाइपाला लागली. बैल हंबरलासुद्धा नाही. गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

रूपराव धावला. बैलाकडं नाही, आत, मेनस्विचकडं. दिवे गेले. लोक म्हणाले, घ्या, लाइनही आताच गेली.

मनकर्णाबाई शेजारीण पुढं झाली. "पाय कोनं धुतले याचे?"

बैल कशानं मेला हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी जयवंताकडं पाहिलं. लहानू पवळ्याची मान मांडीवर घेऊन रडत होता. त्यानंही तिलाच विचारलं, "बाई, तुमी काऊन धुतले?"

जयवंतानं भावाकडं पाहिलं. रूपराव आपल्या चपलांकडं पाहत उभा राहिला. एवढा मोठा माणूस, गावात त्याच्या शब्दाला मान.

सकाळी जयवंता गाठोडं बांधून ओट्यावर आली. रात्री ती जेवली नव्हती. सिंदी मेघेला दिराकडं जातो म्हणाली. रूपरावानं विचारलं, तो पुन्हा मारंल तर?

"मारू दे. माहा पायगुणच असा आहे, भाऊ. पहिले नवरा, आता मुकं जनावर. तुह्या घरात लेकरं आहेत."

ती स्वतःही तेच मानत होती. इथं रूपरावाचं धैर्य संपलं, की सुरू झालं, काय म्हणायचं ते म्हणा. त्यानं लहानूला बोलावलं, मनकर्णाबाईला बोलावलं. लहानू पवळ्यासाठी खड्डा खोदता खोदता सब्बल घेऊनच आला. रूपरावानं बल्ब लावलेल्या होल्डरची एक तार पाइपाला बांधली, दुसरी ओल्या मातीत ठोकलेल्या खिळ्याला. आत जाऊन मेन चालू केला. पाइपात उतरलेल्या करंटवर बल्ब मिणमिणला.

"करंटनं मेला पवळ्या," तो म्हणाला. "मले ठाऊक होतं. पोळ्याच्या पहिलेपासून."

त्यानं मेन बंद केला. माझ्या जोडीतला हवा तो बैल ने, असं लहानूला म्हणाला. लहानूनं सब्बल घालून पाइप ओट्यापासून उचकटला, रस्त्यावर फेकला आणि आपल्या अंगणात निघून गेला. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून सटकली. जयवंताला चुकलं म्हणायला तिची जीभ वळली नाही.

जयवंतानं विचारलं, "काल काऊन नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"अन् मले काय वाटलं असंन रातभर?"

ती गाठोडं तिथंच टाकून पायऱ्या उतरली. काल लहानूच्या बायकोनं तिला पवळ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. रूपराव मागं निघाला.

"तू नको येऊ," ती म्हणाली, आणि पवळ्याला माती द्यायला एकटीच लहानूच्या अंगणात गेली.