सरपंचबाईंचं पिस्तूल

प्रियदर्शनीच्या नावावर पुष्कळ काही होतं. ओढ्याकाठचं रान होतं, ट्रॅक्टर होता, गावचं सरपंचपद होतं आणि आता एक पिस्तूलही आलं होतं. नावावर असणं आणि हातात असणं यातलं अंतर आपल्याकडच्या बाईला कुणी वेगळं शिकवत नाही, ते तिला आपसूक कळतं. रान तिचा नवरा शिवशंकर बघायचा, ट्रॅक्टर तोच फिरवायचा, आणि पारावरची माणसं 'रामराम सरपंच' म्हणायची तीही त्यालाच. तिला वहिनी म्हणायची. ग्रामपंचायतीत तिच्या खुर्चीला खुर्ची लावून तो बसायचा आणि बोलायचाही तोच. सहीची वेळ आली की तिच्याकडं न बघता कागद सरकवायचा. ती सही करायची आणि पुन्हा खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत बसायची. तंद्री लागायची सवय तिला लहानपणापासूनच होती. गेवराईकडच्या तिच्या माहेरात तर हाक मारून आली नाही, की 'असेल कुठंतरी बघत बसलेली' म्हणून लोक सोडून द्यायचे.

पिस्तुलाचा नाद शिवशंकरचा. चारचौघांत उठबस असलेल्या गड्याच्या कमरेला काहीतरी काळं चमकलं पाहिजे, हे खूळ त्याच्या डोक्यात कधीचं होतं. पण एका मारामारीत त्याच्यावर गुन्हा दाखल झालेला, त्यामुळं त्याचा अर्ज फेटाळला गेला. मग त्यानं बायकोच्या नावानं अर्ज केला. महिला सरपंच, जिवाला धोका, असं त्यात लिहिलं. आपल्या जिवाला धोका आहे हे प्रियदर्शनीला तो अर्ज वाचूनच कळलं.

अर्ज मंजूर होऊन पिस्तूल घरी आलं, तोवर बजरंगचं लग्न उद्यावर आलं होतं. बजरंग म्हणजे शिवशंकरच्या थोरल्या भावाचा मुलगा. वरातीत काका बार उडवणार, हे गावभर झालं होतं. पण नवं हत्यार ऐनवेळी अडकलं तर भर वरातीत हसं व्हायचं, म्हणून आधी एकदा चालवून बघावं, असं शिवशंकरनं ठरवलं. बीडच्या बाहेर डोंगराच्या पोटाशी एक फायरिंग रेंज होती. परवाना दाखवायला म्हणून त्यानं प्रियदर्शनीला जीपमध्ये बसवून सोबत नेलं. कमरेला पिस्तुलाचं नवंकोरं चामडी पाकीट लावूनच तो निघाला होता. पाकीट अजून रिकामं होतं, तरी चालताना त्याचा हात सारखा तिथं जात होता.

रेंज म्हणजे काय, मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं लाकडी चौकटीत लावलेले कागद आणि अलीकडं पत्र्याची शेड. ती सांभाळायला सुंदरराव नावाचे पेन्शनीतले हवालदार होते. त्यांनी परवाना उलटसुलट पाहिला.

“परवाना कुणाचाय?”

“आमच्या मंडळींचा,” शिवशंकर म्हणाला.

“मग मंडळींना पुढं पाठवा. तुमी त्या बाकड्यावर बसा.”

“अहो, तिला काय समजतंय त्यातलं? मीच वाजवतो की.”

“हितं ज्याचं नाव त्याचाच हात,” सुंदरराव म्हणाले आणि शिवशंकर बसेपर्यंत तसेच उभे राहिले. नवऱ्याला कुणी बाकड्यावर बसवलेलं प्रियदर्शनीनं पहिल्यांदाच पाहिलं. तिला हसू आलं, ते तिनं पदर सारखा करण्यात लपवलं.

पेटी उघडली. पिस्तूल घरी आल्यापासून ती त्याच्याकडं नीट बघत होती ती आत्ताच. अडकित्त्यापेक्षा थोडंसंच मोठं. काळं, आखूड नळीचं, कोपरे घासून गोल केलेलं. एवढंसं बघून ते हलकं असेल असं तिला वाटलं होतं, पण उचलल्याबरोबर ते हाताला खाली ओढायला लागलं. तीन बोटं मुठीवर बसली आणि करंगळीला जागाच उरली नाही.

“लहान हत्याराचं असंच असतं,” सुंदरराव म्हणाले. “करंगळी खाली दुमडून घ्या. बोट घोड्यापासून लांब. अन तोंड कायम बांधाकडं, माझ्याकडं बघताना बी बांधाकडंच.”

वरची स्लाइड मागं ओढायला कडक होती. नव्याची स्प्रिंग ताठ असते, बायकांना बहुतेक जमत नाही, असं सुंदरराव सांगत होते, तोवर तिनं ती ओढली होती. सकाळ-संध्याकाळ धारा काढणाऱ्या बोटांना तेवढं अवघड गेलं नाही. सुंदररावांनी पुढचं वाक्य गिळलं.

त्यांनी तिच्या कानांवर जाड झापडं चढवली आणि जग लांब गेलं.

शिवशंकरचं मोबाईलवर बोलणं चालू होतं. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. हायवेचे ट्रक गप्प झाले. राहिला तो फक्त तिचा स्वतःचा श्वास. तिला माहेरची विहीर आठवली. पाठीला वाळका भोपळा बांधून वडलांनी तिला पाण्यात सोडलं होतं, आणि डोकं खाली गेल्याबरोबर काठावरची सगळी आरडाओरड बंद झाली होती. तिथं खाली हिरवट उजेड होता आणि तिला कुणीच हाका मारत नव्हतं. इथंही तसंच वाटलं. कुणी वहिनी म्हणत नव्हतं, चहा मागत नव्हतं, पुढं कागद सरकवत नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

समोरचा डोंगर पिवळा पडला होता. त्याच्यावर एक घार पंख न हलवता तरंगत होती. प्रियदर्शनीनं पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, मागच्या खाचेत बसवली. आखूड नळी असल्यानं ती सारखी इकडंतिकडं पळायची, धरून ठेवावी लागायची. घोडा बराच वेळ मऊ मऊ मागं आला. एवढ्यात काही होणार नाही असं वाटत असतानाच हात वर उडाला.

गोळी कागदाला लागलीच नाही. बांधाच्या मातीतून धुळीचा एक भुरका उठला आणि उन्हात तसाच राहिला. मग हळूहळू विरत गेला. ती तो पूर्ण विरेपर्यंत बघत राहिली. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. ती वाटली नाही. हाताच्या अंगठ्यापासून खांद्यापर्यंत एक झणझण मात्र खेळत होती, आणि ती संपू नये असं वाटत होतं.

सुंदररावांनी तिचं एक झापड उचललं. “बोट ओढताय तुमी. ओढू नका, दाबा. अन लहान हत्यार जास्ती उसळतं, त्याला अंगचं वजन न्हाई. उसळू द्या त्याला. पुन्हा जागेवर येतंय आपोआप.”

ती पुन्हा त्या शांततेत शिरली. दाबलं. उसळलं. जागेवर आलं. पुन्हा दाबलं. आता कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात भोकं पडायला लागली आणि मग ती सरकत सरकत वर चढली. एक तापलेलं रिकामं काडतूस उडून तिच्या पदराच्या घडीत पडलं आणि साडीला बोराएवढं भोक पडलं. एरवी साडीला साधा डाग पडला तरी जीव हळहळायचा तिचा. आज तिनं काडतूस झटकून टाकलं आणि पुन्हा माशी शोधली.

गोळ्या संपल्यावर सुंदररावांनी तिला कागदापाशी नेलं. भोकं एवढीशी होती, करंगळी कशीबशी जाईल अशी. कागदामागं बांधाच्या मातीत मात्र खोल बिळं पडली होती. तिनं एकात बोट घातलं, ते पुरं आत गेलं, तरी तळ लागला नाही.

“आभाळात मारली म्हणून गोळी वर ऱ्हात न्हाई, बाई,” सुंदरराव सहज म्हणाले. “कुठंतरी खाली येतीच. लग्नात बार उडवणारे आम्ही लई बघितले.”

तिचं बोट मातीतच राहिलं. तिला स्वतःची वरात आठवली. ती जीपमध्ये मुंडावळ्या बांधून बसली होती आणि शिवशंकरच्या एका दोस्तानं नाचता नाचता बार उडवला होता. नाचणाऱ्याचा हात तो, हलला. पुढं म्हाळू होता, बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा. गाणं मधेच तुटलं एवढंच तिला कळलं. बँडवाल्यांचे कोट लाल, त्यामुळं रक्त लवकर कुणाला दिसलंच नाही. म्हाळूची दोन बोटं गेली. प्रकरण मोठ्या माणसांनी बसून मिटवलं. म्हाळू अजून त्याच बँडमध्ये आहे, पण आता तो खुळखुळा वाजवतो. उद्या बजरंगच्या वरातीला तोच बँड येणार होता. नवी नवरी म्हणून तेव्हा ती काही बोलली नव्हती, आणि पुढंही कधी बोलली नाही.

“हे मी सोडून दुसऱ्यानं वाजवलं तर?” तिनं विचारलं.

सुंदररावांनी लांब बाकड्यावरच्या शिवशंकरकडं एकदा पाहिलं. “तर गुन्हा त्याच्यावर बी अन तुमच्यावर बी. तुमच्या नावाचं हत्यार तुमी त्याला दिलं कावून, असं तुमालाच इचारतील.”

परतीच्या वाटेवर ऊन तिरपं झालं होतं. केजच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांमागं जीप हळू चालली होती. शिवशंकर खुशीत होता. बायकोनं चांगले बार काढले, हत्यार अडकलं नाही. एका हातानं स्टिअरिंग धरून, रस्त्यावरची नजर न काढता त्यानं दुसरा हात तिच्यापुढं पसरला. शिक्का हवा असला, चेकबुक हवं असलं, तिचा मोबाईल हवा असला, की तो असाच हात पसरायचा, आणि ती वस्तू त्या हातावर ठेवायची.

“आण,” तो म्हणाला.

पेटी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होती. पिशवीवर तिचे दोन्ही हात होते.

“न्हाई.”

“काय न्हाई?”

“देणार न्हाई.”

त्याला गंमत वाटली. “बरं, उद्या दे. वरातीच्या टायमाला.”

“उद्या बी न्हाई. ते माझ्या नावावर हाय.”

“नावावर तर ट्रॅक्टर बी हाय तुझ्या.”

“ट्रॅक्टर मला चालवता येत न्हाई,” ती म्हणाली. “हे येतंय.”

आता त्यानं हात मागं घेतला. नांदूरघाटाचा फाटा येईपर्यंत तो पुढच्या ट्रॅक्टरांना हॉर्न मारत राहिला. मग म्हणाला, “बजरंगला शब्द दिलाय मी. समद्या गावात झालंय. लोकांना तोंड कसं दाखवू?”

“म्हाळूला दोन बोटं कमी हायेत.”

“ते आता कावून काढलं? मी उडवलता का तो बार?”

“तुमी न्हाई उडवला. तुमच्यासाठी उडवला. आपल्या वरातीत. मी हिरव्या चुड्यात बसून बघत हुते.”

वेशीपाशी जीप थांबली. इंजिन चालूच होतं.

“उतर,” तो म्हणाला. “मी मांडवाकडं जातोय. तू जा चालत.”

ती उतरली. जीप धूळ उडवत गेली. कमरेचं ते रिकामं पाकीट तसंच लावून तो चारचौघांत उतरणार होता, हे तिला कळत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं. तो माणूस म्हणून वाईट नव्हता. पण रात्री तो घरी येईल तेव्हा काय होईल? बोलायचा बंद होईल, नाहीतर आदळआपट करेल, नाहीतर उद्याच माहेरी जा म्हणेल. आणि एवढी भीती वाटत असताना ती आनंदातही होती. कानावर अजून झापडं असल्यासारखं गाव लांब लांब वाटत होतं. नळावरच्या बायका काहीतरी बोलल्या, तिनं नुसती मान हलवली. गल्लीतून ती कधी चालत जायची नाही, जीपमधूनच जायची. भिंतींवर संध्याकाळचं ऊन किती पिवळं पडतं ते तिनं या गावात आज पहिल्यांदा पाहिलं. खांद्यावरची पिशवी जड होती, आणि ते वजन तिचं होतं.

दारात सासू उभी होती. छबुबाई तिचं नाव. प्रियदर्शनी तिला आत्या म्हणायची. ट्रॅक्टर आला तेव्हा, जीप आली तेव्हा, घरात नवी वस्तू आली की छबुबाई ताट घेऊन उंबऱ्याबाहेर यायची आणि वस्तूबरोबर लेकालाही ओवाळायची. शिवशंकर छाती काढून उभा राहायचा. पिस्तूल वाजवून आणल्यावर ओवाळायचं ठरलं होतं, म्हणून आजही तिच्या हातात ताट होतं, त्यात हळदकुंकू, निरांजन, भाकरीचा तुकडा. पायाशी पाण्याचा तांब्या. सून पायी आलेली पाहून तिनं गल्लीच्या टोकाकडं नजर टाकली.

“शिवा कुठाय?”

“मांडवात गेलेत.”

“अन ते त्याच्यापशीच?”

“न्हाई आत्या. माझ्यापशी हाय.” प्रियदर्शनीनं पिशवी पोटाशी धरली. “त्यांनी मागितलं, मी दिलं न्हाई. वरातीत वाजवाया मी देणार न्हाई.”

वाऱ्यानं निरांजन फडफडलं, तशी छबुबाईनं हाताची ओंजळ आड धरली. सत्तरीची बाई होती ती. तिच्या नावावर जन्मात काही नव्हतं आणि हातातही नव्हतं, आणि या लेकावर तिचा फार जीव होता. आता ती ताट घेऊन आत जाईल, असं प्रियदर्शनीला वाटलं.

“काढ बघू भाईर,” छबुबाई म्हणाली.

प्रियदर्शनीनं पेटी काढून उघडली. म्हातारीनं वाकून पाहिलं.

“एवढंसंच?”

“एवढंसंच.”

“याच्यापायी एवढं?” असं म्हणून तिनं पेटीच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं. मग तेच बोट सुनेच्या कपाळाला टेकवलं. निरांजन फिरवलं, भाकरीचा तुकडा तिच्या तोंडावरून उतरवून लांब फेकला, वाकून तिच्या पायांवर पाणी घातलं. सारं सावकाश, लेकाचं करायची तसंच. प्रियदर्शनीच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती पुसली नाही.

“आत जा, हातपाय धू, जेवून घे,” छबुबाई रिकामा तांब्या उचलत म्हणाली. “शिवा आला म्हंजी आज मी वाढते त्याला. त्याला जे काय बोलायचं ते मला बोलंल.”