कुरुळीचा संघ गैरहजर

"चौथा कुठाय?" धम्मरत्ननं विचारलं.

नवनाथनं तिघांचे फोन टेबलावर मांडले. "निघालाय. बस मोशीत अडकलीय म्हणं."

धम्मरत्ननं एकेक फोन उचलून तपासला. खेळाशिवाय आत दुसरं काही चालू नाही ना, ओळखपत्रावरचा चेहरा समोरच्याचाच आहे ना, एवढंच बघायचं. मोबाइल गेमच्या या लीगमध्ये तो पंच होता. आधी ऑनलाइन फेऱ्या व्हायच्या, त्यात शेकडो संघ गळायचे आणि उरलेले आठ संघ रावेतच्या या हॉलमध्ये समोरासमोर खेळायचे. त्या आठांत यंदा कुरुळीचा संघ होता.

एकेकाळी त्याच संघाचा तो कप्तान होता. हिंगोलीहून येऊन तो चाकणला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर लागला होता. कुरुळीत दत्तोबांच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या शिफ्ट जुळल्या की त्यांना ओट्यावर बसवून तो डावपेच शिकवायचा. मग एका सकाळी मशीनखाली उजव्या अंगठ्याचं पेर गेलं. कंपनीनं परत बोलावलं नाही आणि त्या हातानं खेळही जमेना. त्यानं त्या पोरांतल्या समाधानला कप्तान केलं. लीगला पंच हवेत असं कळल्यावर जाऊन उभा राहिला. खेळाच्या जवळपास तरी राहता येईल, एवढाच हिशेब.

कुरुळीचा सामना खरं तर संध्याकाळी होता. त्यासाठी समाधाननं पहिली शिफ्ट मागून घेतली होती. पण मुंबईच्या एका नावाजलेल्या संघाचं जाहिरातीचं शूटिंग लांबणार, असं सकाळी कळलं. त्यांचा दुपारचा सामना संध्याकाळी गेला आणि कुरुळीचा दुपारी ओढला गेला. ग्रुपवर तसा मेसेज पडला तेव्हा समाधान लाइनवर होता आणि त्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा होता. नवनाथ गेटवर जाऊन निरोप ठेवून आला. पण बदली माणूस मिळेपर्यंत सुपरवायझर समाधानला सोडायला तयार नव्हता. शेवटी तिघे पुढं आले.

स्टेजवर दोन बाजूंना चार-चार खुर्च्या मांडल्या होत्या. समोरचा संघ बसलासुद्धा. धम्मरत्न मोनिका मॅडमकडे गेला. स्पर्धेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. पहाटेपासून त्या पायांवर होत्या. डबा तसाच बाजूला पडला होता.

"मॅडम, कुरुळीचा कप्तान वाटेत आहे. थोडं थांबू."

"दहा मिनिटं थांबलो की. चौघं नसतील तर सामना समोरच्यांना. नियम तुला माहितीय."

"काल मुंबईवाल्यांसाठी थांबलोच की आपण. स्क्रीनवर तांत्रिक अडचण म्हणून लिहिलं."

"काल लाखभर लोक बघत होते, धम्मा. आज किती आहेत ते बघ जरा."

"पण वेळ आपणच बदलली ना?"

"मी बदलली का?" मोनिका मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "मला पण वरून सांगतात. जा, जाहीर करून टाक."

धम्मरत्न स्टेजवर गेला. नवनाथ आणि दोघं जण आपापल्या खुर्चीत ताठ बसले होते, जणू असं बसल्यानं चौथीही भरेल. वाक्य ठरलेलं होतं: अमुक संघ गैरहजर असल्यामुळे सामना तमुक संघाला. ते त्यानं आजवर कितीतरी वेळा म्हटलं होतं. त्यानं माइक हातात घेतला.

"कुरुळीचा संघ हजर आहे," तो म्हणाला. "तिघं इथं बसलेत. चौथा कंपनीतून निघालाय, बसमध्ये आहे. त्यांचा सामना संध्याकाळी होता. दुसऱ्या संघाच्या सोयीसाठी लीगनं आज सकाळी अचानक तो दुपारवर आणला. काल त्याच संघासाठी आपण थांबलो होतो, आज यांच्यासाठी थांबत नाही. म्हणून हा सामना समोरच्यांना दिला जातोय."

समोरच्या संघाच्या कप्तानानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. नवनाथ धम्मरत्नकडे बघत राहिला.

खाली उतरल्यावर मोनिका मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या. ते त्याला जास्त लागलं.

"प्रक्षेपण पाच मिनिटं मागं असतं, विसरलास? समोरचा कुठं लपलाय ते कुणी बघून सांगू नये म्हणून. तुझं बोलणं बाहेर गेलंच नाही. कापलं त्यांनी. तिथं आता जाहिरात लागेल आणि मग निकाल."

"हॉलमधल्यांनी तर ऐकलं."

"हॉलमध्ये आहे कोण?" त्यांनी हात पुढं केला. "कार्ड दे. उद्या दुसरा पंच येईल."

त्यानं गळ्यातलं कार्ड काढून दिलं.

समाधान आला तेव्हा त्याच्या अंगात कंपनीचा करडा शर्ट होता, पायात सेफ्टी शूज. संघाची जर्सी हातात गोळा केलेली. धापा टाकतच त्यानं फोन धम्मरत्नपुढं धरला. "घे, चेक कर लवकर."

"झालं, समाधान."

"काय झालं?"

"सामना दिला त्यांना."

"कुणी दिला?"

"मीच."

नवनाथ मध्ये पडला. "ह्यानं माइकवर सगळं खरं सांगितलं रे. त्याचं काम पण गेलं."

"मग खेळायला मिळणार का?"

उत्तराची वाट न बघता समाधान स्टेजवर चढला आणि आपल्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. बसला नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुरुळीहून दत्तोबा होते. त्यांनी आज अंगणात टीव्ही लावून सगळ्या भाडेकरूंना बसवलं होतं. त्यांचा आवाज खाली उभ्या असलेल्या धम्मरत्नलाही ऐकू आला.

"आरं, तू गेलाच न्हाईस व्हय? हितं तुझी खुर्ची मोकळी दावली आन् गैरहजर म्हनून लिवलं. समदी वाट बघत बसल्यात. तुझी आई गावाकडनं आली ती ह्याच्यासाठीच ना?"

"आई जवळच आहे का?"

"हाय की. ऐकती हाय."

समाधाननं एकदा खुर्चीकडे बघितलं. वरचे दिवे थेट त्याच्या तोंडावर पडले होते.

"नाही मामा," तो म्हणाला. "सुट्टीच नाही मिळाली. कंपनीच्या गेटवरच आहे मी."

मागं पुढच्या कार्यक्रमाचं गाणं मोठ्यानं सुरू झालं. ते पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं फोनवर हात धरला.