पेटीचं मानपत्र

सोनपेठच्या सहकारी संस्थेत भीमाशंकर आप्पा सत्तावीस वर्षं हेडक्लार्क होते. पंचक्रोशीत कुणाचाही सत्कार निघाला, की मानपत्र आप्पांच्या हातचं. मजकूर कसाही असो, अक्षर बघूनच सत्कारमूर्तीचे डोळे भरून यायचे. त्यामुळे एक्क्याण्णव साली चेअरमन आबासाहेबांनी कॉम्प्युटर आणला आणि तो मराठीतही छापतो असं कळलं, तेव्हा आप्पांनी मनाशी हिशेब मांडला. यंत्र टिकलं, तर आपली लेखणी संपली.

पण आप्पा उघड विरोध करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कौतुकानंच काटा काढायचं ठरवलं.

"आबासाहेब, यंत्र लय भारी हाय," ते म्हणाले. "पण वरून पत्र्याचा डबा. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, आन् ह्ये तर घासलेटचा डबा ठिवल्यावानी दिसायलंय."

दुसऱ्याची कल्पना आपली वाटायला आबासाहेबांना दोन मिनिटं पुरत. "सागवान!" ते कडाडले. "आन् जुनं पितळ! नवं पितळ बँडवाल्याच्या बाजाला बरं. पोखर्णीच्या नागनाथ सुताराला बलवा."

नागनाथनं जन्मभर देव्हारे केले होते. तो आला, चालू यंत्राभोवती दोनदा फिरला, डब्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभा राहिला आणि बाहेर जाऊन बसला.

यंत्र बसवायला आलेल्या तरुण इंजिनिअरनं आधी कपाळाला हात लावला, पण चेअरमनपुढे त्याचं काय चालणार? त्यानं मापं काढली, एका चिठोऱ्यावर आकृती काढली आणि मागच्या फळीवर भोकांच्या खुणा केल्या. "आप्पा, गरम हवा इथूनच बाहेर पडली पाहिजे. नाहीतर आठ दिवसांत यंत्र जळेल," त्यानं बजावलं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा सुतारासाठी त्याची नक्कल करायचं काम अर्थातच आप्पांकडे आलं.

आप्पांनी नवी निब लावली. लांबी, रुंदी, उंची, सगळं सुवाच्य उतरवलं. भोकं तेवढी उतरवली नाहीत. सत्तावीस वर्षांत नकलेत केलेली ही पहिलीच चूक, आणि कागद एवढा देखणा झाला, की तो सुताराला देताना आप्पांना वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, क्षणभरच वाटलं.

महिन्याभरात नागनाथ पेटी घेऊन आला, एसटीच्या टपावर घालून. सागवान असं, की हात फिरवावा. कोपऱ्यांना जुन्या हंड्यांचं पितळ कापून बसवलेलं, काळपट, खानदानी. झाडलोट करणारी सरजाबाई चिंच घेऊन ते घासायला धावली, तर नागनाथ तिच्या अंगावर खेकसला, "हात लावू नगंस बाई! ह्ये काळेपन यायला साठ वर्सं लागलीत." इंजिनिअरनं यंत्राची आतडी पेटीत बसवली, मागं डोकावला आणि समाधानानं मान डोलावली. केवढं बावळट पोरगं, असं आप्पांना वाटलं. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायला नागनाथनं लावलं, तेही त्यांनी मनावर घेतलं नाही.

आठ दिवस गेले. वैशाख लागला. दौतीतली शाई आटायला लागली, पण यंत्राला धाड भरली नाही. आप्पा रोज सकाळी आशेनं पेटीला हात लावत. पेटी गारच. लोक म्हणायचे, बघा आप्पांचा जीव केवढा यंत्रावर! शेवटी एक दिवस ते पेटी आणि भिंतीमधल्या फटीतून मागं डोकावले. तिथं बशीएवढी नक्षीदार पितळी जाळी होती, आणि तिच्यातून गरम हवा थेट त्यांच्या तोंडावर आली.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी नागनाथला गाठलं. "कागदात जाळी न्हवती, नागनाथ."

"मला कुठं वाचता येतंय, आप्पा?" नागनाथ हसला. "मापं तवाच डोळ्यांनी घेतली. यंत्राला हात लावला, तर अंग तापलेलं. म्हनलं, ह्येला हवा पायजे. मोडीत आलेल्या पानदानाची जाळी होती, बसवली. तुमचा कागद मात्र देवापशी ठिवलाय. काय अक्षर हाय!"

आप्पांना ते कौतुक ऐकवेना. तेवढ्यात मंडपात आबासाहेबांनी जाहीर केलं, की पेटीची कल्पना ज्यांची, त्या भीमाशंकर आप्पांना मानपत्र द्यायचंय. आप्पांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," आबासाहेब म्हणाले. "सोताचं मानपत्र सोता लिवत्यात व्हय? यंत्र लिवंल."

कर्रकर्र आवाज करत कागद बाहेर आला. टाळ्या झाल्या. आप्पांचे डोळे भरून आले, पण अक्षर बघून नव्हे. सगळी अक्षरं सारख्या मापाची, ठिपक्याठिपक्यांची.

नागनाथनं मानपत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. यंत्राला कागद ओढता यावा म्हणून त्याच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत ओळीनं भोकं होती. त्यानं त्यावरून कौतुकानं बोट फिरवलं.

"ह्यात मात्र हवेची सोय केलीय, आप्पा," तो म्हणाला. "लय दिस टिकंल."