बाद झालेली सात मतं

विद्यापीठाच्या नियामक मंडळावर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी जागा एकच. तिच्यासाठी पुस्तकबांधणी विभागातल्या मिस्तरीने अर्ज भरला, तेव्हा आधी हसली ती त्याची बायको. "घरात पंखा लावायचा की नाही हेही तुम्हाला कोणी विचारत नाही, आणि निघालात मंडळावर!" असं म्हणत तिनेच त्याच्या शर्टाला इस्त्री केली.

मिस्तरीला मिरवायची हौस कधीच नव्हती. मंडळाच्या पुढच्या बैठकीत बांधणी विभाग बंद करायचा ठराव येणार होता, आणि तो मंजूर झाला की खोलीतली सहा माणसं घरी बसणार होती. मंडळ अर्धं इकडे, अर्धं तिकडे. सगळं या एका जागेवर अडलेलं. समोर उभा होता परीक्षा विभागातला हेडक्लार्क, आणि त्याने ठरावाच्या बाजूने आधीच शब्द देऊन टाकला होता. मिस्तरी स्वतः वर्षभरात निवृत्त होणार, त्याला कसली झळ लागणार नव्हती. पण ही सहाही माणसं त्याने हाताला धरून शिकवलेली. त्यांना वाऱ्यावर सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

महिनाभर त्याने प्रयोगशाळा, वसतिगृह, टपाल, बाग, सगळ्यांचे उंबरे झिजवले. लोक कामातून डोकं वर न काढता माना हलवायचे. मान हलवायला कोणाचं काय जातं!

मतमोजणी दुपारी संपली. "हेडक्लार्क चार मतांनी पुढे," निवडणूक अधिकारी बाई म्हणाल्या. "सात मतं बाद."

"बाद का?" मिस्तरीने विचारलं.

बाईंनी सात मतपत्रिका टेबलावर पालथ्या मांडल्या. "पसंतीचा आकडा लिहा, घडी करा, दुसरं काही लिहू नका, असं भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लावलं होतं. तरी हे बघा. ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद."

मिस्तरी वाकला. प्रत्येक घडीच्या कडेला नखाएवढी पेन्सिलीची खूण होती. बांधणीच्या खोलीत छापलेल्या कागदाची घडी केली की खाली ठेवण्याआधी तिच्यावर आपली खूण करायची, म्हणजे पान मागेपुढे झालं तर कोणाच्या हातून झालं ते कळतं. ही शिस्त त्यानेच लावलेली. बिनखुणेची एक घडी दिसली तरी तो अख्खा गठ्ठा परत करायला लावायचा. वीस वर्षं हेच चाललेलं. आता त्या हातांना घडी म्हटलं की खूण. डोक्याला विचारायचा प्रश्नच नाही. दोन टिंबं खोलीतल्या मावशीची. अर्धा गोल तिच्या शेजारी बसणाऱ्या जाड्याचा. आणि शेवटच्या मतपत्रिकेवरची बारीक तिरपी रेघ त्याची स्वतःची. ती आपण कधी ओढली, हे काही केल्या त्याला आठवेना.

"सातही तुम्हालाच आहेत," बाई म्हणाल्या. "ओळखता का या खुणा? कोणी ठरवून करायला लावल्या असतील, तर करणाऱ्यांवर कारवाई होईल."

टेबलाच्या पलीकडे उभ्या हेडक्लार्कने कान टवकारले.

"नाही," मिस्तरी म्हणाला. "माझ्या ओळखीच्या नाहीत." आणि निकालावर हरकत नसल्याची सही करून तो बाहेर आला.

जिन्यापाशी सहाही जण उभे होते. त्याचा चेहरा बघूनच ते काय ते समजले.

"चार मतांनी गेलं," तो म्हणाला.

"आमची तरी सगळी मोजली ना?" मावशीने विचारलं. खोलीत तिला सगळेच मावशी म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

खरं सांगायला त्याची जीभ वळेना. सांगितलं असतं, तर या माणसांनी जन्मभर स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या असत्या. त्या हातांतलं कसब, तेवढंच तर त्यांच्याजवळ होतं.

"मोजली. सगळी."

"मग चारच कमी पडली ना!" जाड्या उसळला. "मी घसा फोडून सांगत होतो, टपालात आणखी एक फेरी मारा. तुम्ही म्हणालात, पाय दुखतात."

"माझं चुकलं."

"तुम्हाला काय हो," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढलेलाही नव्हता. "तुमची पेन्शन ठरलेली. आमच्यासाठी पाय कशाला दुखवून घ्याल तुम्ही?"

"बरोबर आहे तुझं," मिस्तरी म्हणाला.

सहाही जण जिना उतरून गेले. चला म्हणून त्याला कोणी विचारलं नाही.