सोबती दिसला नाही

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कड्यातले, बरणीच्या झाकणाएवढे. दिसायला मी एकच, पण खरे तर दोन काचांचे. कारागिराने एक फुगीर आणि एक खोलगट काच घासून पारदर्शक डिंकाने अशी चिकटवली, की सांधा शोधूनही सापडू नये. याचा मला भारी तोरा होता.

माझी नेमणूक ताऱ्यांच्या मोजणीखात्यात झाली. दुर्बिणीतून काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो दिवसा खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ठेवायचे आणि मोजणीबाईंनी माझ्यातून पाहायचे, असे आमचे काम. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी निम्म्यांना तरी सोबती तारा असतो, हे कळलेले होते. लहान, थंड, तांबूस ताऱ्यांचे काय? ते संख्येने सर्वांत जास्त, पण इतके मंद की त्यांच्याकडे फारसे कुणी ढुंकूनही पाहिले नव्हते. बाईंनी असे तीनशे तारे निवडले.

एकाच जागेचे, दहा वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो त्या ताडून पाहत. शेजारचा ठिपका ताऱ्याबरोबर सरकला, तर तो खरा सोबती. नाही सरकला, तर तो वाटेत उभा असलेला परका. मग वहीत एक शब्द लिहायचा, ‘जोडी’ किंवा ‘एकटा’.

फोटोंची पाकिटे आणून देणाऱ्या वयस्क गृहस्थांना सगळे पाकीटमामा म्हणत. ते विचारत, “ताई, ह्या महिन्यात किती लग्नं लावलीत?”

“एक. बाकी तिघे एकटेच.”

पाच वर्षांत दोनशे तारे झाले, त्यांत जोड्या पन्नास. खात्याचे साहेब पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवत आणि मी फुगून जाई. मग यादी छापायची तारीख ठरली. उरलेले शंभर तारे दोन महिन्यांत उरकायचे, असा हुकूम निघाला. टेबलाचा दिवा दिवसभर जळू लागला आणि मी त्याच्या कडेलाच पडून राहू लागले. ती ऊब मला आवडे. माझ्या डिंकाला मात्र ती मानवली नाही.

त्या शंभरांत नव्वद जोड्या निघाल्या. साहेब खूश झाले. “म्हणजे लहान तारेही जवळजवळ निम्मे जोडीनं राहतात! केवढी बातमी आहे ही, बाई!”

बाई हसल्या नाहीत. “साहेब, सगळे सोबती उजव्या हातालाच कसे?” असे म्हणून त्यांनी मला बोटांत धरून हळूच फिरवले. ताऱ्याचा सोबतीही माझ्याबरोबर फिरला.

“ठिपका ताऱ्याबरोबर सरकतो, म्हणून मी खरा धरला,” बाई म्हणाल्या. “भिंगातलं भूत ताऱ्याबरोबरच सरकणार ना! काचा सुटल्यात ह्याच्या.”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“छापखान्याला शब्द दिलाय मी,” साहेब म्हणाले.

“मग ही यादी द्या. खाली माझं नाव नको.”

पाच वर्षांच्या कामावर पाणी सोडायची त्यांची तयारी होती. साहेबांनी तारीख पुढे ढकलली आणि नवे भिंग आणले. बाईंनी तीनशेच्या तीनशे तारे पुन्हा पाहिले. माझी भुते गेली. पण पहिल्या दोनशेंत ज्यांना ‘एकटा’ लिहिले होते, त्यांतल्या सात जणांना खेटून एकेक अगदी पुसट सोबती निघाला. मी धडधाकट असतानाही तो मला कधी दिसला नव्हता.

जोड्या भरल्या ब्याऐंशी, म्हणजे चारांत एकाहून थोड्या जास्त.

“उरलेले दोनशे अठरा एकटे. वहीत आहे तसंच छापू,” साहेब म्हणाले.

“एकटे नाही. ‘सोबती दिसला नाही’ असं लिहिते.”

“एकच की हो ते!”

“एकच कसं? तुमच्या कचेरीच्या कागदावर मीपण एकटीच आहे. घरी माझी मावशी आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही, पण जिन्यावर माझं पाऊल वाजलं की ती दार उघडते. ती तुमच्या कागदावर कुठंय?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग वही स्वतःच बाईंपुढे सरकवली. मामांनी पट्टी धरली आणि बाईंनी ‘एकटा’ हा शब्द दोनशे अठरा वेळा खोडला.

मामांनी माझ्या डबीवर ‘खराब’ अशी चिठ्ठी लावली होती. बाईंनी ती काढून दुसरी लावली, ‘काचा कडेने सुटल्या आहेत. उष्णतेपासून जपा.’ त्या निवृत्त झाल्यावर ती जपणूकही संपली. आता मी तळच्या खणात असते.

मित्रांनो, भिंग मऊ फडक्याने पुसा आणि दिव्याजवळ विसरू नका. आणि कधी माझा खण उघडलात, तर ‘एकटंच पडलंय बिचारं’ म्हणू नका. मला जरा उजेडात धरून पाहा. माझ्या दोन काचा मधोमध अजून चिकटलेल्या आहेत.