माझ्या नावाची सभा

मी एक उदमांजर बोलतेय. की कांडेचोर बोलतेय? ते अजून ठरलेलं नाही. ठरवायला सभा भरली, चहा झाला, वडे झाले, भांडण झालं आणि विषय तसाच राहिला. तेव्हा तूर्त मला काहीही म्हणा, पण माझं ऐका. माझ्याकडे फार वेळ नाही.

माझा जन्म मुलुंडच्या डोंगरावरचा, एका जुन्या आंब्याच्या ढोलीतला. दिवसा झोपायचं आणि अंधार पडला की फळं हुडकत झाडाझाडांवरून फिरायचं, हा आमचा धर्म. माणूस दिसला की जागच्या जागी गप्प व्हायचं, ही आईची शिकवण. ती शिकवण मी आजवर पाळली. काल मोडली. का मोडली, तेच सांगतेय.

मोठी झाले आणि पिकलेल्या उंबरांच्या वासामागे डोंगर उतरून आले. पायथ्याशी एक कौलारू बैठं घर होतं. त्याच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मोठा उंबर होता आणि त्याची एक फांदी थेट कौलांवर टेकलेली होती. एक कौल सरकलेलं दिसलं, मी आत शिरले. आत लाकडी माळा होता, कोरडा, उबदार. खायला दारात उंबर, राहायला माळा. आणखी काय हवं?

खाली कोण राहतं ते फळ्यांच्या फटीतून पाहिलं, तर राहत कोणीच नव्हतं. ते 'डोंगरमाया निसर्ग संवर्धन संस्था' नावाच्या संस्थेचं ऑफिस होतं. महिन्यातून एकदा तिचे विश्वस्त जमायचे आणि झाडं, पाखरं, जनावरं यांविषयी इतकं कळकळीने बोलायचे की मला भरून यायचं. अख्ख्या मुंबईत मला जागा मिळाली, तीही निसर्ग वाचवणाऱ्यांच्या डोक्यावर! नशीब काढलं म्हणाले मी. त्याच भरवशावर याच माळ्यावर मी दोन पिल्लांना जन्म दिला.

विश्वस्त एकूण पाच. त्यातले दोघे फक्त रोपं लावतानाच्या फोटोत असायचे, सभेत नाही. उरले तिघं. अध्यक्ष राजाराम तावडे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. एरवी मुंबईची मराठी बोलायचे, पण पारा चढला की थेट गावाला पोचायचे. दुसऱ्या वसुधाताई भाटवडेकर, विलेपार्ल्याच्या. त्यांनी कॉलेजात मराठी शिकवलेलं, त्यामुळे अजूनही समोरचा माणूस त्यांना विद्यार्थीच वाटतो. तिसरा भीमराज सोनकांबळे, तिघांत तरुण, शाळेत विज्ञान शिकवणारा. सभेला किमान तिघं हवेत, त्याला ते गणपूर्ती म्हणतात. एक उठून गेला की सभाच नाही, सही नाही, काहीच नाही. असा नियम करणाऱ्याला एकदा माझ्या पिल्लांसमोर उभं करायला हवं.

तर एके दिवशी उंबराच्या खोडाला पालिकेचा कागद चिकटला. प्लॉटवर टॉवर येणार होता, झाड तोडायचं होतं, आणि कोणाची हरकत असेल तर आठवड्याच्या आत लेखी द्यायची होती. भीमराजने तो वाचला आणि त्याच दिवशी बाकीच्या दोघांना फोन लावले. तिघांना एकत्र वेळ मिळाला तो शेवटच्या दिवशी, दुपारी.

"तावडे साहेब, पालिकेचं ऑफिस बंद व्हायच्या आत हे पत्र गेलं पाहिजे," भीमराज म्हणाला. "मसुदा तयार आहे. तिघांनी सह्या करा, मी बाईकवरून टाकून येतो."

"वाच," तावडे म्हणाले.

"'सदर उंबराच्या झाडावर,' इथे जागा सोडलीय, प्राण्याचं नाव लिहायचंय, 'या वन्यप्राण्याचा वावर असून झाड तोडल्यास त्याचा आसरा नष्ट होईल.' मी स्वतः पाहिलंय तिला फांदीवर. पिल्लं पण असणार."

माझा ऊर भरून आला. कोणीतरी मला पाहिलं होतं! आणि सगळं जमलंच होतं की. एक शब्द भरायचा, तीन सह्या करायच्या.

"कांडेचोर लिही," तावडे म्हणाले.

वसुधाताईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मी समजते, आता लांबणार. "चोर? अहो, ज्याला वाचवायचंय त्याला सरकारी पत्रात चोर म्हणायचं? उदमांजर लिही रे. प्रमाण शब्द तोच आहे."

"उदमांजर म्हणजे पाणमांजर, ताई. झाडावर पाणमांजर राहतं म्हणून लिहिलं तर हसतील लोक आपल्याला."

"कोशात दोन्ही अर्थ आहेत."

"कोश ऱ्हवूंदे कोशात! आमच्याकडे हेका कांडेचोरच म्हणतत. माझी आवस म्हणायची, बापूस म्हणायचो. ते काय अडाणी होते?"

"मी असं म्हटलंय का? तुम्ही शब्द माझ्या तोंडी घालू नका."

"दोन्ही लिहूया ना!" भीमराज काकुळतीला आला. "नाहीतर नुसतं 'वन्यप्राणी' लिहू. झाड जातंय हो!"

"दोन लिहिले तर दोन जनावरं वाटतील," तावडे म्हणाले.

"आणि मोघम लिहायचं तर आपली संस्था कशाला?" वसुधाताई म्हणाल्या. या एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

मग शब्दाचा कीस सुरू झाला. मध्येच तावड्यांनी नाक वर करून हुंगलं. "आंबेमोहोर शिजतोय कुठेतरी." तो वास माझाच होता, आमच्या अंगाला तसा वास येतो. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर होते. जिच्या नावावरून भांडत होते तिचा वास नाकात गेला, आणि त्यांना काय आठवलं? भूक! वडे मागवले. वडे येईपर्यंत चर्चा, वडे खाताना चर्चा. भीमराज सारखा घड्याळाकडे बघत होता. मला वरून ओरडावंसं वाटत होतं, अरे, मला गाढव म्हणा, पण सही करा!

शेवटी तावडे बोलून गेले, "ताई, तुम्हाला पार्ल्याच्या पलीकडची मराठी माहीतच नाही." झालं. वसुधाताईंनी पर्स उचलली, छत्री उचलली आणि "जिथे भाषेची किंमत नाही तिथे मी बसणार नाही," असं म्हणून रिक्षात बसून निघूनही गेल्या.

"साहेब, तुम्ही तरी करा सही," भीमराज म्हणाला.

"गणपूर्ती गेली रे. आता केलेली सही बेकायदा." तावड्यांनी पेनाचं टोपण लावलं.

भीमराज स्वतःच्या नावाने पत्र खरडून धावला. पोचला तेव्हा ऑफिस बंद झालं होतं.

उंबर पडला त्या सकाळचं मी फार सांगणार नाही. करवत सुरू झाली तेव्हा पिल्लं उंबरासाठी रडत होती, म्हणजे फळांसाठी. फांदी कौलांवर आदळली, कौलं फुटली. बिल्डर सज्जन निघाला. नुकसान भरून द्यायचं म्हणून त्याच दिवशी पत्रे आणून त्याने छप्पर घट्ट ठोकून दिलं. माझं येण्याजाण्याचं भोक त्याखाली गेलं. मी आणि माझी दोन पिल्लं, आत. खायला दाणा नाही.

काल संध्याकाळी तिघं पुन्हा जमले. कट्टी सुटली होती, दुःखाने माणसं जवळ येतात म्हणे. निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. भीमराजने तो वाचून दाखवला आणि एका जागी अडखळला. "इथे प्राण्याचं नाव..."

वसुधाताईंनी चष्मा काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईची शिकवण गेली उडत! एका पिल्लाची मानगूट तोंडात धरली, माळ्याची सैल फळी ढकलली, खाली कपाटावर उडी मारली, कपाटावरून टेबलावर, थेट त्या ठरावावर.

"अगं बाई, मांजर!" वसुधाताई पाय वर घेऊन किंचाळल्या.

"मांजर! मांजर! हाकला रे तेका!" तावडे खुर्चीमागे दडले.

ना प्रमाण शब्द, ना आवशीचा. भीमराजने तेवढं धावत जाऊन दार उघडलं. मी बाहेर पळाले, उंबराच्या ओंडक्यांच्या ढिगात पिल्लू ठेवलं आणि दुसऱ्याला आणायला लगेच मागे फिरले. दाराला कुलूप लागत होतं.

"साहेब, वर दुसरं पिल्लू असणार," भीमराज सांगत होता. "दार उघडं ठेवू. मी बसतो इथे."

"किल्ली अध्यक्षाने कोणाला द्यायची नाही, तसा ठरावच आहे," तावडे म्हणाले. "बदलायचा तर सभा बोलाव."

"आत्ता आपण तिघं आहोत की!"

"सभा संपल्याचं जाहीर झालंय, भीमराज," वसुधाताई म्हणाल्या. "नवी बोलवायची तर नोटीस काढावी लागेल. आणि मांजर काय, जाईल कुठूनतरी."

ते दोघं गेले. भीमराज पायरीवर बसून त्या फोटोतल्या दोन विश्वस्तांना रात्रभर फोन लावत राहिला आणि उजाडल्यावर त्यांना शोधायला निघून गेला. अरे भल्या माणसा, दगड घे, कुलूप फोड! पण नाही. तो पोरगा मनाने सोन्याचा आहे, पण शेवटी विश्वस्तच.

आज दिवस वर आलाय. पत्रे तापलेत. मी दाराच्या फळीला कान लावून उभी आहे, दिवसाउजेडी, माणसांच्या रस्त्यावर. आतून ते मला हाक मारतंय. त्याला माझं नाव विचारावं लागत नाही. सकाळपासून त्याचा आवाज बारीक होत चाललाय. येणाऱ्याजाणाऱ्यांनो, मला चोर म्हणा, मांजर म्हणा, हवं तर दगड मारा. पण कोणीतरी हे दार उघडा.