पट्टीमामांचा खिसा

"मास्तर, पाय हलवू नका. उद्या कापणार म्हणून आज लाथा मारून घेताय काय?" पट्टीमामा म्हणाले.

मी शिंपी, पायमशीन चालवणारा. साखरेच्या आजारानं उजव्या पायाला जखम झाली आणि तीन आठवडे काळीच राहिली. पट्टीमामा रुग्णालयातले ड्रेसर. तीस वर्षं जखमा बांधून त्यांचा हात इतका हलका झाला होता की मलाच हेवा वाटे.

डॉक्टरीणबाईंनी नवं मलम दिलं होतं. "यात प्रोटिएज आहे, प्रथिनं पचवणारं एन्झाइम. मेलेलं मांस तेवढं खातं," त्यांनी समजावलं होतं. "शरीरातही असतात ती. सूज आली की साफसफाईला धावतात. पण अशा जखमेत थांबायचं नाव घेत नाहीत, मग चांगल्या पेशीही मरतात. म्हणून मेलेलं लवकर निघायला हवं."

ते काही निघालं नाही.

पडल्या पडल्या कंटाळून मी मलमाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी मोठ्यानं वाचत होतो. "आयोडीन लावल्यास एन्झाइम निकामी होते..."

पट्टीमामांच्या हातातला तपकिरी बोळा तसाच राहिला. मलमाआधी रोज ते खिशातल्या बाटलीतल्या आयोडीननं जखम पुसत. तीस वर्षांची सवय.

"मामा, जाऊ द्या. कुणाला कळतंय?" मी म्हणालो. निवृत्तीला त्यांचं वर्ष उरलं होतं.

"तुमचा पाय जाईल ना हो!"

ते तडक गेले आणि डॉक्टरीणबाईंना घेऊनच आले. दारातूनच ऐकू येत होतं, "चूक माझी आहे बाई. मलम वाईट नाही." बाईंनी सगळ्यांदेखत त्यांना फैलावर घेतलं. ते मान खाली घालून उभे राहिले. मग मला ताप नाही हे पाहून बाई म्हणाल्या, "पाय कापायचं आठवडाभर थांबवू. नुसत्या सलाईननं धुवा."

सातव्या दिवशी काळ्याखालून गुलाबी दिसलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. करंगळी गेली, पाय राहिला. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

चार महिन्यांनी ते दुकानात आले. पांढऱ्या कोटाचा खिसा उसवला होता, तळाशी आयोडीनचा डाग.

"नवाच खिसा लावतो, मामा. डाग जाईल."

"राहू द्या, मास्तर. हात घालताना दिसलेला बरा."

मी चार बोटांचा पाय पॅडलवर ठेवला आणि डागाच्या कडेकडेनं शिवण मारली.